केळीचे खुंट लावलेली सायकल

आमच्या घरमालकांच्या सायकलीची आयुधपूजा बारा महिने चालू असते.

बेंगळुरात दसऱ्याच्या आदल्या दिवशी लोक झाडून सगळी वाहनं धुतात, हार घालतात, दोन्ही बाजूंना केळीचे खुंट बांधतात. चार दिवसांनी सुकलं की सोडून टाकतात. अण्णांनी सोडलंच नाही. सुकले की नवे बांधतात. हँडलच्या उजवीकडे एक खुंट, डावीकडे एक, मधे झेंडूचा हार आणि त्याखाली देवळात टांगतात तसली पितळी घंटा. आम्ही साताऱ्याहून इथे त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने आलो, तेव्हा मला वाटलं घरात लग्न आहे. मी आपली हळदीकुंकवाच्या तयारीने साडी नेसून खाली!

अण्णांचं घराणं मराठी, पण कैक पिढ्यांपासून इथलं. चिकपेटेत कापडाचं दुकान, ते आता पुतण्या बघतो. मी त्यांना मुलीसारखी, तरी मला अक्का म्हणतात. मराठी बोलता बोलता मधेच कानडी ‘सरी’ म्हणजे बरं आणि ‘स्वल्प’ म्हणजे थोडं, येऊन बसतात.

“अक्का, या गावात सायकलवाला कुणाला दिसत नाही,” ते सांगतात. “बसवाल्याला खालचं दिसत नाही, कारवाल्याला फोनपलीकडचं दिसत नाही आणि रिक्षावाल्याला दिसतं, पण तो मानत नाही. एका आयुधपूजेला मी खुंट बांधून निघालो आणि काय सांगू, बस थांबली! माझ्यासाठी! मी म्हटलं, म्हाताऱ्याला नाही, पण देवाला वाट देतात. सरी, मग रोजच देव.”

एवढ्यावर भागलं असतं तर ते अण्णा कसले? प्रत्येक सिग्नलला शेजारच्या गाडीच्या काचेवर टकटक करायची आणि विचारायचं, “दिसलो का?” लोकांना वाटतं देवळाची वर्गणी मागतायत. कुणी नोट पुढे करतं, कुणी चपला काढून नमस्कार करतं. एका बाईंनी तर मुलाची परीक्षा आहे म्हणून हारातली दोन फुलं मागून घेतली. अण्णांनी आशीर्वादही दिला वर! एकदा सिग्नलला उभे असताना गाईने मागून येऊन आख्खा डावा खुंट खाल्ला, तर म्हणाले, “बघा, तिला दिसलो.”

रोज सकाळी हा सरंजाम घेऊन ते व्हाइटफील्डच्या मोठ्या सिग्नलपर्यंत जातात. दुकान तिकडे नाही, बाजार तिकडे नाही. मी विचारलं की म्हणतात, “स्वल्प काम असतं.” आता त्या धुरात कुणाचं काय काम असणार? पण अण्णांना दोनदा विचारण्यात अर्थ नसतो.

गेल्या महिन्यात व्हायचं ते झालं. एका टॅक्सीवाल्याने न बघता डावीकडे वळवली आणि अण्णा आडवे. गुडघा फुटला. टॅक्सीवाला बिचारा हात जोडून म्हणतोय, “नोडलिल्ल सार!” दिसला नाहीत म्हणे! एवढी केळीची बाग अंगावर येतेय आणि दिसली नाही! अण्णांना गुडघ्यापेक्षा तेच जास्त लागलं. दोन दिवस नीट जेवले नाहीत.

त्यांचा मुलगा महेश व्हाइटफील्डच्या पलीकडे एका मोठ्या सोसायटीत राहतो. आयटीत आहे. स्वभावाने चांगला आहे हो, पण सदा घाईत. त्याचा मला फोन आला. “ताई, रविवारी येऊन मी ती सायकल घेऊन जातो. तोपर्यंत अण्णांना सांभाळा.” मी म्हटलं, न्या बाबा, एकदाची कटकट जाईल. अण्णांना सांगितलं तर भांडले नाहीत, काही नाही. “सरी,” म्हणाले. “पण रविवारपर्यंत चालवतो.” त्यांचं हे गुमान ऐकणं मला जरा खटकलंच.

शुक्रवारी माझी ऑफिसची कॅब त्या मोठ्या सिग्नलला अडकली. बघते तर पुढे अण्णा. गुडघ्याला पट्टी, एक पाय फुटपाथवर. शेजारी करड्या रंगाची कार. मला वाटलं, आता टकटक होणार. पण अण्णांनी घंटा वाजू नये म्हणून तिचा लोलक मुठीत घट्ट धरला होता आणि काचेतून आत बघत होते. नुसते बघत होते.

आत महेश होता. कानात ते यंत्र, नजर समोर, तोंडाने मीटिंग चालू.

अरे देवा, हे काम होय! आख्ख्या बेंगळुराला ‘दिसलो का’ विचारत फिरणारा माणूस रोज सकाळी इथे येऊन सिग्नल लाल असेपर्यंत मुलाला बघून घेतो आणि त्याची मीटिंग मोडू नये म्हणून घंटासुद्धा धरून ठेवतो!

मग मात्र माझं डोकं फिरलं. दार उघडून उतरले आणि काच बडवली. “अहो महेश! डोळे आहेत की बटणं? बाजूला बघा जरा!”

काच खाली आली. “अण्णा? तुम्ही इथे?”

चोरी पकडल्यासारखे अण्णा ओशाळले. “काही नाही रे. स्वल्प काम होतं. तुझं चालू दे.”

“रोज येतात,” मी म्हटलं. “तुम्हाला बघायला.”

महेशने कानातलं काढलं. अण्णांच्या गुडघ्याकडे बघितलं, खुंटांकडे बघितलं. अण्णांनी अगदी हळू विचारलं, “दिसलो का?”

त्याने मान डोलावली.

सिग्नल हिरवा झाला. मी धावत कॅबमध्ये शिरले. मागून हॉर्नचा कल्लोळ. अण्णा घाबरून निघाले आणि महेशने कार त्यांच्या मागे ठेवली, सायकलच्या वेगाने. त्यामागे बस, बसमागे आमची कॅब. अण्णांनी लोलक सोडला आणि घंटा जी वाजायला लागली! आमचा ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवणार, तेवढ्यात मी ओरडले, “खबरदार!” ऑफिसला पोचायला उशीर झाला. रडत गेले, पण काय मजेत गेले म्हणून सांगू!

रविवारी ठरल्याप्रमाणे महेश आला. मी सायकल पुसून दारात काढून ठेवली होती. त्याने डिकी उघडली, तर आत केळीचे दोन ताजे हिरवे खुंट, हार आणि चांगलं हेल्मेट. दोघं बापलेक जमिनीवर बसून सुतळीने ते बांधत राहिले.

“हे फार बुटके आणलेस,” अण्णा कुरकुरत होते. “बसवाल्याला दिसणार नाहीत. पुढच्या रविवारी माझ्याबरोबर बाजारात चल, दाखवतो कसे घ्यायचे ते.”

“येतो,” महेश म्हणाला.