सात जीव

आइसलंडच्या टेलिफोन यादीत माणसं आडनावाने नाही, पहिल्या नावाने सापडतात, आणि नावापुढे आपला उद्योग लिहिता येतो. जो मनाला येईल तो लिहा, कोणी तपासत नाही. ओर्नोल्फुरने एकदा चेष्टेत आपल्या बायकोच्या नावापुढे लिहून टाकलं: ‘हल्लबेरा केतिल्सदोत्तिर, सरकार’. त्यांच्या दरीतली माणसं पोट धरून हसली होती, कारण त्या घरात सरकार कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पुढे देशाच्या पंतप्रधानपदी निवडून आलेल्या बाईंचं नावही नेमकं हल्लबेरा केतिल्सदोत्तिर निघालं, तेव्हा मात्र ती नोंद कोणाच्याच लक्षात राहिली नव्हती.

जूनमधल्या त्या सकाळी फोन वाजला तेव्हा हल्लबेरा वेगळ्याच काळजीत होती. आठवड्यापूर्वीच दरीने तिला डोंगरराणी निवडलं होतं. म्हणजे सप्टेंबरात डोंगरावरच्या साऱ्या मेंढ्या हाकून खाली आणायच्या मोहिमेची प्रमुख. आजवर हा मान पुरुषांकडेच होता, आणि मावळता डोंगरराजा थोरग्रिमुर घरोघरी कॉफी पीत सांगत होता, “एक जरी मेंढी नदीत गेली ना, तर पुढच्या वर्षी पुन्हा मी!” नदीला पूल नव्हता. हल्लबेराने पुलासाठी तीन वर्षं अर्ज केले होते. एकाचंही उत्तर आलं नव्हतं.

“कोपनहेगनहून वार्ताहर बोलतोय,” फोनवरचा माणूस म्हणाला. “निवडीबद्दल अभिनंदन! नव्या नेत्या म्हणून तुमचे विचार छापायचेत.”

डेन्मार्कच्या पेपरला आमच्या मेंढ्यांचं काय पडलंय? हल्लबेराला भारी कुतूहल वाटलं. शाळेत घोकलेलं डॅनिश कधी नव्हे ते कामाला येत होतं. तिने खुर्ची ओढली.

“कारभार कसा करणार?”

“पहाटे चारला सगळे हजर. जो मोठ्याने ओरडतो त्याला सगळ्यात लांबच्या टोकाला ठेवते. तिथे त्याचा उपयोग होतो.”

“वा! आणि जे विरोधात जातील?”

“त्यांच्यावर ओरडायचं नाही, बुजतात. त्यांचा म्होरक्या तेवढा वळवायचा. बाकीचे खाली मान घालून मागे येतात.”

“विकासाबद्दल?”

“पूल! बाकी नुसत्या गप्पा. गेल्या वर्षी सात जीव वाहून गेले.”

“सात? मग... काय केलंत तुम्ही?”

“काय करणार? दोन सापडले, पाच नाही. संध्याकाळी मोजणी केली, सूप प्यायलो, गाणी म्हटली.”

“आणि सुरक्षा?” वार्ताहराने घाईने पुढचा प्रश्न विचारला.

“शेवटी आत येईल त्याने फाटक लावायचं. एवढं पाळलं तरी पुष्कळ.”

“शेजाऱ्यांचं काय?”

“गोड बोलायचं आणि कुंपण मोजत राहायचं.”

तिसऱ्या दिवशी नवराबायको दुपारी मासे आणि बटाटे खात असताना रेडिओवर बातम्या लागल्या. “एका डॅनिश दैनिकाला पंतप्रधानांनी सांगितलं, की जो मोठ्याने ओरडतो त्याला...” हल्लबेराच्या हातातला काटा तसाच राहिला.

“अगं, हे तर तू त्या डॅनिश वार्ताहराला सांगितलं होतंस,” ओर्नोल्फुर म्हणाला.

“मेल्या, तुझं ते ‘सरकार’!”

तिने यादी उघडली. तिच्या नोंदीच्या शेजारीच दुसरी नोंद होती: ‘हल्लबेरा केतिल्सदोत्तिर, पशुवैद्य’. निवडणुकीच्या गडबडीत पंतप्रधान बाईंनी आपली जुनी नोंद बदललीच नव्हती. ओर्नोल्फुर शहाण्यासारखा गोठ्याकडे सटकला आणि तिने नंबर फिरवला.

“कोण? हल्लबेरा बोलतेय.”

“मीही हल्लबेराच.”

पलीकडून सुस्कारा आला. “यादीतलं ‘सरकार’ का?”

“चूक झाली गं. मी रेडिओवर खुलासा करते.”

“खबरदार! आज तीन मंत्री वेळेच्या आधी आले. जो सगळ्यात जास्त ओरडतो तो हळू बोलायला लागलाय. माझी भाषणं लिहिणाऱ्यांना सहा आठवड्यांत असलं एक वाक्य सुचलं नाही.” मग पंतप्रधानांनी आवाज उतरवला. “एकच सांग. ते सातजण कोण होते? चार देशांतून शोकसंदेश आलेत. नावं विचारताहेत.”

हल्लबेराने डोळे मिटून घेतले. “मेंढ्या होत्या.”

पलीकडे पेनाचं टोपण लागल्याचा आवाज आला.

“आणि ते सूप?”

“मेंढीच्याच मटणाचं.”

“पूल कधी हवाय तुला?”

“ऑं? सप्टेंबरच्या आत.”

“होईल. चार देशांना मेंढ्या होत्या म्हणून सांगण्यापेक्षा पूल बांधणं सोपं आहे.”

फोन ठेवताना हल्लबेराला हसू आणि रडू एकदमच आलं. तीन वर्षांच्या अर्जांनी जे झालं नाही ते एका चुकीने झालं होतं. एवढ्यात ओर्नोल्फुरने दारातून भीतभीत डोकावून पाहिलं आणि तो आत आला.

“काय म्हणालं सरकार?”

“पूल देतंय,” डोळे पुसत ती म्हणाली. “आणि आधी ते दार लाव. शेवटी तू आलायस.”