अप्पांची जुळणी

अप्पांच्या कंप्युटरवर 'अपडेट करू का?' असा प्रश्न आला आणि मी 'हो' दाबलं. अप्पा तेव्हा दुकानाच्या पायरीवर एका नवरदेवाच्या मामाशी पत्रिकेतल्या नावांच्या क्रमावरून भांडत होते. मला वाटलं, तेवढीच आपली मदत. कंप्युटर बंद होऊन पुन्हा चालू झाला आणि त्यातला बोलणारा प्रोग्राम मुका झाला.

अप्पा म्हणजे पालमच्या बस स्टँडजवळ लग्नपत्रिका छापणारे विश्वनाथअप्पा. तरुणपणी ते छापखान्यात जुळारी होते, म्हणजे शिशाच्या अक्षरांचे खिळे एकेक वेचून मजकूर जुळवायचे. खिळे गेले, कंप्युटर आला, पण त्यांच्या तोंडातली 'जुळणी' काही गेली नाही. त्यांच्या मते जगात माणसं दोनच प्रकारची: जुळवणारी आणि विकत आणणारी. मी दुसऱ्या प्रकारातला. शिवाय मराठीचा मास्तर, शिवाय शेजारी.

त्यांच्या कंप्युटरवर विकतचं काहीच नाही. जगात कुणी कुणी फुकट वाटलेले प्रोग्राम ते मूळ लिहिलेल्या ओळींसकट उतरवून घेतात आणि त्या ओळी यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरकडून घरच्या घरी चालते करून घेतात. का, तर "तयार मसाला आमी खात न्हाई." कंपायलरला ते 'तहसीलदार' म्हणतात. एक टिंब राहिलं की अख्खा अर्ज परत.

त्यातला लाडका म्हणजे मजकूर मोठ्यानं वाचणारा हा प्रोग्राम. काकूंची, म्हणजे अप्पांच्या बायकोची, नजर काचबिंदूनं गेली तेव्हा त्यांनी तो बांधला. रोज दुपारी जेवणं झाली की दुकानामागच्या खोलीत तो काकूंना पेपर वाचून दाखवायचा. अप्पांनी त्याच्या ओळींत हात घालून त्याला इकडचं बोलायला शिकवलेलं. पेपरात 'आहे' असलं की तो 'हाय' म्हणे, 'नाही'चं 'न्हाई' करी. अग्रलेखसुद्धा पारावर बसून सांगितल्यासारखा वाटे.

मी एकदा म्हणालो, "अप्पा, हे अशुद्ध आहे."

"मंग तुमी कान झाका."

अप्पांची आणखी एक खोड होती. रोज वाचन सुरू होताना ते आवाज अगदी बारीक ठेवत आणि बातम्या लागल्या की मोठा करत. मला वाटे, स्पीकर तापवायलेत.

तर माझ्या 'हो'मुळे जुना तहसीलदार बदलून गेला आणि नवा आला तो भलताच कडक. अप्पांनी प्रोग्राम पुन्हा बांधायला घेतला की लाल अक्षरांचा ढीग पडे. शिवाय हा प्रोग्राम ज्या लायब्रऱ्यांच्या, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या मदतनीस प्रोग्रामांच्या, आधारानं चाले, त्याही बदललेल्या. त्यांना अप्पा सोयरे म्हणतात.

"बघा मास्तर, ही म्हणती मला नवाच तहसीलदार पायजे. ती म्हणती मी जुन्याबिगर मांडवात येत न्हाई. आन् ह्या गड्याला दोघी बी पायजेत. तुमी एक बटन दाबलं आन् सगळी सोयरीक मोडली."

मी अपराधी चेहऱ्यानं माझा मोबाईल काकूंसमोर ठेवला. त्यात एक गोड, शुद्ध बाई पेपर वाचते. पहिलीच बातमी जिंतूरकडच्या चारठाणा गावाची निघाली. बाई 'चार' म्हणून थांबली, दम घेतला, मग म्हणाली 'ठाणा'.

"बाकीची तीन ठाणी कुठं गेली?" काकू म्हणाल्या. "आन् ही बाई कोण हाय? बंद करा तिला. पाहुणी आल्यावानी पदर सावरून बसावं लागायलंय."

अप्पांची छाती फुगली. मी म्हणालो, "अप्पा, जमाना बदललाय. जरा जुळवून घ्या."

"मी का म्हणून? जुळारी कोण हाय, त्यो का मी?"

दुपारी काकू सवयीनं त्याच खुर्चीवर येऊन बसत. समोर अप्पा लाल अक्षरांशी हुज्जत घालत. मामा पत्रिकेसाठी खेटे घालून दमले, त्यांना एकच उत्तर मिळे, "लग्न तुमचं हाय, घाई मला कशाला?" न राहवून मी सुचवलं, "तोवर तुम्हीच वाचून दाखवा की पेपर."

अप्पांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पेपर उघडला, घसा खाकरला, एक मथळा वाचला, काकूंकडं पाहिलं आणि घडी घातली. "न्हाई जमत. फिजूल गोष्टी सांगू नका." जन्मभर दुसऱ्यांची लग्नं छापणारा माणूस, बायकोसमोर एक बातमी पुरी करू शकला नाही.

काकू उठून आत गेल्या.

त्यानंतर अप्पा इरेला पेटले. कुठून तरी त्यांनी जुना कंपायलर हुडकून आणला, जुन्या लायब्रऱ्या एका वेगळ्या कप्प्यात बसवल्या आणि नव्यांना त्यांच्या वाटेला जाऊ दिलं नाही. "एका घरात दोन चुली," ते म्हणाले. "नव्यानं नव्याचं बघावं. जुन्याला कुणी हात लावला तर गाठ माझ्याशी हाय." हे माझ्याकडं बघून.

आणि एका दुपारी लाल अक्षर आलं नाही. काकू खुर्चीवर होत्या, मी स्टुलावर, मामा दारात. अप्पांनी आनंदात बटन दाबलं आणि आवाज बारीक करायचा विसरले.

"गौरे, बस जवळ," प्रोग्राम बस स्टँडपर्यंत ऐकू जाईल असा गरजला. "पेपर आलाय."

मामांनी वळून पाहिलं. अप्पांनी काकूंना नावानं हाक मारलेली आमच्या गल्लीत कुणी ऐकली नव्हती. चारचौघांत आणि बहुधा एकांतातही काकू म्हणजे 'ऐकायलीस का'. मी ज्याला स्पीकर तापवणं समजत होतो, ते अप्पांनी ओळींत घालून ठेवलेलं हे बोलावणं होतं.

अप्पा टेबलाखाली वाकून कसली तरी वायर शोधू लागले. तिथं वायर नव्हती. काकूंनी खुर्ची हळूच पुढं ओढली. त्यांना नवल वाटल्याचं दिसलं नाही.

अप्पांची अडचण बघवेना, म्हणून मी आवाज कमी करायला उठलो. स्टूल करकरलं.

"मास्तर," काकू म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या आवाज तसाच. मला दिसत न्हाई म्हणून मी कशाला हात लावत न्हाई. तुमाला काय झालंय?"