द्वारकाकाकू आणि त्यांचे लेखक

द्वारकाकाकू कादंबरीत कुणाला मरू देत नसत. लेखकाने मारलेलं माणूस त्या सरळ उठवून बसवत, त्याला ऊन ऊन जेवू घालत आणि मार्गाला लावत. हे काम त्या इतक्या सहज करत, की मूळ लेखकाला विचारावं असं त्यांच्या मनातसुद्धा येत नसे.

मी कुरुंद्याच्या शाळेत बदलून आलो आणि सरपंचांनी वाचनालयाची किल्ली माझ्या हातात ठेवली. वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीतलं एक कपाट आणि वाचक म्हणजे द्वारकाकाकू. बाकीचं गाव पेपर वाचायचं, तेही एकाने वाचलेला ऐकून. काकूंची शाळा चौथीपर्यंत झालेली, पण वाचनाचा झपाटा असा की चुलीवरची भाजी करपली तरी पान खाली ठेवत नसत. यजमान करपलेली भाजी मुकाट्याने खात.

पुस्तक परत करताना त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "शेवट बराबर न्हाई, गुरुजी. घाई झाली त्येला." त्येला म्हणजे लेखकाला. लेखक लोक शेवटाशी आले की कुठेतरी गावाला जायच्या तयारीत असतात आणि म्हणून हाताला लागेल त्याला मारून मोकळे होतात, असं त्यांचं पक्कं मत होतं.

त्यांच्या अंगणात हळदीच्या दिवसांत बायका कामाला येत. शिजवून वाळवलेल्या हळदीचे गड्डे आणि बोटं वेगळी करत बसायचं, आणि काकू तिथेच बसून रोज थोडी थोडी कादंबरी सांगायच्या. मी येता-जाता ऐकत असे. पुस्तक माझ्या कपाटातलंच असायचं, पण गोष्ट मात्र ओळखू येत नसे. हिंगोलीला सरकारी दवाखाना असताना नायिकेला क्षयाने खोकत का ठेवलं, हे काकूंना पटलं नव्हतं. त्यांनी तिला दवाखान्यात भरती केलं, वर हळद घालून दूध दिलं, आणि पुढच्या पाडव्याला ती बाई पुरणपोळ्या लाटू लागली. लढाईत हरवलेला जवान त्यांनी एस.टी.ने वसमतला आणून उतरवला. एका दारुड्या खलनायकाला जन्मठेप झाली होती, ती रद्द करून त्याला सासऱ्याच्या शेतात राबायला लावलं. मला वाटतं जन्मठेप बरी होती.

एकदा मी मास्तरकी दाखवून म्हणालो की हा लेखकावर अन्याय आहे. काकूंनी माझ्याकडे वर्गात उशिरा आलेल्या पोराकडे बघावं तसं बघितलं. त्याने लिहायचं ते लिहिलं, आता ऐकणाऱ्याचं काही आहे की नाही, असं त्यांनी मला विचारलं आणि हातावर गुळाचा खडा ठेवला. माझा मुद्दा तिथेच विरघळला.

एवढं सगळं करून एका लेखकावर मात्र त्यांचा भारी जीव होता. त्या लेखकांचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण काकूंनी त्यांच्या पुस्तकांचं काय केलं ते त्यांच्या चाहत्यांना कळलेलं बरं नव्हे. त्यांचा मागच्या पानावरचा फोटो दिसावा म्हणून काकू त्या पुस्तकांना अर्धंच कव्हर घालत. फोटो बघून दर वेळी म्हणत, "किती सुकून गेलाय. घरी कुनी बघत न्हाई वाटतं."

आणि हेच लेखक हिंगोलीला येणार असं मी पेपरात वाचलं. शाळेच्या मैदानावर ग्रंथमेळावा होता, पुस्तकांची दुकानं लागणार होती आणि दुपारी त्यांचं भाषण. मी धावत काकूंना सांगायला गेलो. त्यांचा चेहरा आधी फुलला आणि मग एकदम उतरला. अंगणातल्या बायकांनी ऐकलं होतं. सगळ्यांना यायचं होतं. औंढ्याला गाडी बदलायचीच, तर नागनाथाचं दर्शन होईल आणि पुढे लेखकाचंही, असा त्यांचा हिशेब. त्यात सोनाबाईही निघाल्या. काकूंच्या शेजारी बसून काम करणाऱ्या या बाईचा आवाजही मी कधी ऐकला नव्हता, आणि त्या कुठे जात-येत नसत.

काकूंची पंचाईत मला तेव्हा कळली. या लेखकाची सगळ्यांत गाजलेली कादंबरी कौसल्या नावाच्या सासुरवाशिणीची. शेवटी ती विहिरीत उडी घेते आणि पुस्तक संपतं. कुरुंद्यातली कौसल्या अर्थातच जिवंत होती. बायकांपैकी कुणी भर सभेत तिचं नाव काढलं, की काकूंचं पितळ त्यांच्या लाडक्या लेखकासमोर आणि अख्ख्या अंगणासमोर उघडं पडणार. मला, खरं सांगतो, जरा मजाच वाटत होती.

हिंगोलीला पोचल्यावर काकूंनी बायकांना मंडपात बसवलं आणि मला बाजूला घेतलं. भाषणाआधी लेखकाला गाठायचंच, असं म्हणाल्या. मंडपामागे ते एकटेच चहा पीत बसले होते. काकूंनी वाकून नमस्कार केला, दशम्या आणि चटणीची पुरचुंडी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "तुमची कौसल्या मी विहिरीतून काढली."

लेखकांना आधी काही उमगलंच नाही. मग मी सगळं समजावून सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा आखडला. त्या शेवटासाठी आपण वर्षभर झुरलो, सगळी कादंबरी त्या विहिरीकडेच चालत जाते, असं ते म्हणाले. कुणी काढलं तिला, असं त्यांनी जरा रागानेच विचारलं.

"मेंढपाळानं. दोर होता त्याच्याजवळ."

"माझ्या कादंबरीत मेंढपाळ नाही."

"न्हाई. तो आमच्याकडचा."

मला हसू आवरेना. पण काकू हसत नव्हत्या. त्यांनी कनातीच्या फटीतून मंडपाकडे बोट केलं.

"ती हिरव्या लुगड्यातली सोनाबाई. तिची थोरली पोरगी सासरी विहिरीत गेली. पाय घसरला म्हनून सांगितलं लोकायनं. कामाला आली माझ्याकडं, तवा मी तुमचंच पुस्तक सांगून राहिले होते. शेवट मी बी वाचला नव्हता. रोज वाचायचं तेवढंच सांगायचं. त्या दिवशी विहीर आली आन् तिचे हात थांबले. मंग मी काय करू? मेंढपाळ आनला." काकूंनी कनातीची फट बंद केली. "तवापासून कुनालाच मारायची हिंमत झाली न्हाई. आज कुनी विचारलं तर तुमी निस्तं न्हाई म्हनू नका."

मी इतके दिवस ज्याला काकूंचा वेडेपणा म्हणत होतो त्याच्या तळाशी हे होतं. माझं हसू कुठल्या कुठे गेलं. लेखक मात्र पुरचुंडीकडे बघत होते. स्वतःच्याच पुस्तकाबद्दल लोकांसमोर खोटं बोलू का, असं त्यांनी हळूच विचारलं. काकूंनी उत्तर द्यायच्या आत संयोजक आले आणि त्यांना घेऊन गेले.

भाषणाचा विषयही नेमका साहित्यातलं सत्य. लेखकाने सत्याशी तडजोड करता कामा नये, असं ते म्हणाले तेव्हा काकूंनी पदराचं टोक तोंडात धरलं. मग प्रश्न सुरू झाले. कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी प्रश्न म्हणून स्वतःचंच एक भाषण केलं. ते बसले आणि सोनाबाई उभ्या राहिल्या. हात हळदीने पिवळे, डोक्यावरचा पदर घट्ट धरलेला.

"साहेब, ती कौसल्या विहिरीतून निघाली न्हाई का. ती बरी हाय का आता?"

पुढच्या रांगेत खुसखुस झाली. कादंबरी वाचलेले लोक माना वळवून बघू लागले, आणि ते प्राध्यापक चूक दुरुस्त करायला अर्धे उठलेही. लेखकांनी हाताने त्यांना बसवलं. काकूंनी डोळे मिटून घेतले होते.

"बरी आहे," ते म्हणाले.

सोनाबाई बसल्या नाहीत. "कुठं असती?"

"आईजवळ असते." लेखकांचा भाषणातला खणखणीत आवाज आता पार खाली आला होता. "पुन्हा नाही पाठवलं तिला सासरी."

"चांगलं केलं," सोनाबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

काकूंनी त्यांचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. कुणाची पर्वा न करता त्या रडत होत्या, आणि मीही काही फार वेगळा नव्हतो. भाषण संपलं, माणसं पुस्तकांच्या दुकानांकडे पांगली, तरी त्या दोघी तशाच बसून होत्या.