डाव्याने सांगू की उजव्याने?

आमच्या शेजारच्या दत्ताकाकांना कसलाही रंग विचारा, ते उलट तुम्हालाच विचारणार, "डाव्याने सांगू की उजव्याने?" मग एका डोळ्यावर तळहात ठेवून न्यायाधीशाच्या थाटात निकाल देणार. माझी पांढरी ओढणी उजव्याने पांढरी आणि डाव्याने चहा सांडल्यासारखी दिसते, हे त्यांनी मला भर मच्छी मार्केटात ऐकवलं होतं.

भानगड अशी, की काकांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढलाय आणि डाव्याला ते कुणाला हात लावू देत नाहीत. मोतीबिंदू पिवळा पडत जातो तसं माणसाला जगही पिवळं दिसायला लागतं. पण ते इतकं हळूहळू होतं, की त्याचं त्याला कळत नाही. काकांनी तर या अवस्थेत अख्खं घर रंगवून घेतलं. "पोपटी हवा. हिरव्यानं मन निवतं," असं बजावून त्यांनी स्वतः डबा पसंत केला आणि तो निघाला आकाशी. रंगारी गप्प बसला. काकांशी वाद घालून आमच्या आळीत कुणाचं भलं झालेलं नाही.

पुढे उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर मीच त्यांना रिक्षाने घरी आणलं. उतरल्या उतरल्या ते ओरडले, "हा रंग कोणी लावलान?"

"तुम्हीच!" आळीतले सगळे एकदम म्हणाले. हसता हसता आमची पुरेवाट झाली.

तेवढ्यात शालूकाकींनी दार उघडलं. अंगात कसकस म्हणून कितीतरी दिवस त्या बाहेरच पडल्या नव्हत्या. काका त्यांच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अगो, हळद लावून आलीस काय?"

ते अजून थट्टेतच होते. आम्ही वळून बघितलं आणि हसू तिथेच थांबलं. काकी डोळ्यांच्या पांढऱ्या भागापर्यंत पिवळ्या झाल्या होत्या.

कावीळ म्हणून औषध सुरू झालं, मग कोल्हापूरला तपासण्या झाल्या आणि पोटातला मोठा आजार निघाला. उशीर झालाय, घरी न्या, असं सांगितलं. मुंबईचा मुलगा येऊन-जाऊन असतो. करण्यासारखं कुणाच्याच हातात काही उरलेलं नाही.

"बाय, रोज समोर बसून चहा प्यायलो तिच्या," काका मला म्हणाले, "नि माझ्या डोळ्यांदेखत ती पिवळी होत गेली."

आता शहाण्या माणसाने दुसरा डोळा लगेच करून घेतला असता. काकांनी डॉक्टरांचं नाव काढू दिलं नाही. मोतीबिंदू फार पिकला तर पुढे डोळा वाचवणं कठीण, असं त्यांना स्पष्ट सांगितलंय. "पिकू दे. रत्नागिरीत राहून पिकण्याला घाबरू काय?" असली उत्तरं! मला संताप यायचा. एक माणूस हातचं चाललंय, आणि हे वर आपला डोळा घालवून बसणार.

परवा पेज घेऊन गेले ती भांडायचं ठरवूनच. काकी कॉटवर होत्या. हाताची नुसती काडी झालीय. काका शेजारी बसले होते, उजव्या डोळ्यावर तळहात घट्ट दाबून.

"कशी दिसत्ये हो मी?" काकींनी विचारलं.

"डाव्याने सांगू की उजव्याने?"

"डाव्यानेच सांगा."

काकांनी मान फिरवून सगळ्या खोलीवर नजर टाकली. "ही भिंत पिवळी. उशी पिवळी. ही बाय उभी आहे ना, ती पण पिवळीधमक. माझा हात बघ, पिवळा. तू काय एकटी नाहीस गो."

काकी हसल्या. मला पेजेचं भांडं कुठे ठेवावं ते सुचेना. भांडायचं तर राहूनच गेलं.

काका मला दारापर्यंत सोडायला आले. आकाशी भिंतीला टेकून हळूच म्हणाले, "डाव्याला आता तिचं नाक-डोळं काय दिसत नाय. नुसती पिवळी सावली दिसते."

"मग काका, अजूनही करून घ्या ना," मी म्हटलं.

"घेईन," ते म्हणाले. "ती आहे तोवर नको."