यकृत वाढतं तेव्हा

"तुझे उंदीर काय म्हणतात?" शिवप्पानं भाकरीवर शेंगाचटणी घेत मुलीला विचारलं.

गावातल्या पेठेत कापडाचं दुकान चालवणाऱ्या शिवप्पानं गेल्या वर्षी थोरल्या भावाला, चनमल्लप्पाला, आपल्या यकृताचा अर्धा भाग दिला होता. लेक सिद्धेश्वरी पुण्यात उंदरांच्या यकृतावरच संशोधन करत होती. त्यामुळे घरात हा विषय पानात मीठ वाढावं तसा रोज असायचा.

"अप्पा, यकृत कापलं की उरलेलं परत वाढतं. त्यासाठी काही जनुकं जागी होतात. गंमत म्हणजे त्यातलीच काही कॅन्सरच्या गाठीतही जागी असतात. फरक एवढाच की..."

तेवढ्यात तिच्या मॅडमचा फोन आला. ती बोलत बोलत गच्चीवर गेली आणि खाली आली तेव्हा अप्पा दुकानात निघून गेले होते. संध्याकाळच्या गाडीनं ती पुण्याला परतली. फरक सांगायचा तसाच राहिला.

शिवप्पानं मात्र आपल्यापुरता विचार केला. वाढण्यातच धोका असेल तर वाढूच द्यायचं नाही. त्यानं रात्रीचं जेवण बंद केलं, मग सकाळचं निम्म्यावर आणलं. बायकोनं, प्रेमलानं, खोदून खोदून कारण काढून घेतलं आणि घाबरून माढ्याला चनमल्लप्पाच्या घरी जावेला, गोजरबाईला, फोन लावला.

"अक्का, अण्णांना भूक लागती का?"

"लई लागती. आता कुटं अंगावर मूठभर मांस आलंय."

"मग जेवनापास्नं थांबवा की त्यास्नी. यकृत वाढलं की गाठ हुती म्हनं."

त्याच संध्याकाळी चनमल्लप्पाचा फोन आला.

"शिवा, माझ्या पोटात गाठ वाढतीय म्हनं?"

"माझ्याबी."

"मग करायचं काय आता?"

उपाशी माणसाला तोल नसतो. "काय करनार? द्यायलाच नको होतं मी. दोघंबी सुटलो असतो."

"व्हय," अण्णा म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. न देता अण्णा कसा सुटला असता, हे शिवप्पाच्या ध्यानात आलं तेव्हा हातात नुसता फोन होता.

प्रेमलाचा निरोप मिळताच सिद्धेश्वरी धावत आली आणि अप्पांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी तपासण्या पाहिल्या. "यकृत छान भरून आलंय. ती जनुकं काम झालं की परत झोपतात. गाठीत त्यांना झोपवणारंच बिघडलेलं असतं. तुम्हाला तसलं काही नाही. फक्त अशक्तपणा आहे. जेवा."

रिक्षात शिवप्पा म्हणाला, "एवढंच हुतं तर तवाच सांगायचं की."

"फोन आला, अप्पा."

"फोन ठेवल्यावर सांगायचं."

तिनं हातातला फोन बंद करून पर्समध्ये टाकला.

रविवारी दोघं माढ्याला गेली. सिद्धेश्वरीनं काकांना सगळं पहिल्यापासून नीट समजावलं. चनमल्लप्पानं शांतपणे ऐकलं, मान हलवली.

"अण्णा," शिवप्पा म्हणाला, "उपाशीपोटी बोलून गेलो मी."

"असू द्या. तुमचे लई उपकार हायेत माझ्यावर. चहा घ्या तुमी."

जन्मात कधी अण्णानं धाकट्या भावाला 'तुमी' म्हटलं नव्हतं. शिवप्पानं कप उचलला आणि परक्याच्या घरी बसतात तसा, सतरंजीच्या कडेला सरकून बसला.