श्रावणजींच्या टाचेतला काटा

श्रावणजी माणसाचं तोंड आधी बघत नसत. आधी टाच बघत. छापखान्यात कोणी आलं की त्यांची नजर उंबऱ्यावरच्या पावलांवर जायची, चप्पल कुठल्या बाजूनं झिजली आहे ते तपासायची आणि मग सावकाश वर चढत चेहऱ्यापर्यंत यायची. तिथे पोचेपर्यंत त्यांचं मत झालेलं असे. लग्नपत्रिका छापायला आलेल्या एका वरपित्याला त्यांनी पत्रिकेचा मजकूर हातातही न घेता सांगितलं, "भाऊ, डाव्या टाचेवर तुमचा लय जोर आहे. मांडवात उभं राहणं होणार नाही तुमच्यानं." वरपिता रागावून दुसऱ्या छापखान्यात गेला. लग्नात तो खुर्चीवर बसूनच होता, हे श्रावणजी स्वतः जाऊन बघून आले. बोलावणं अर्थातच नव्हतं.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा विशीत होतो. हातात पत्रकाचा मजकूर होता आणि डोक्यात त्याहून मोठा. आमच्या घरात देवांच्या तसबिरींपेक्षा पत्रकं जास्त. वडील गिरणीतले, मी पत्रकांवरच अक्षरं गिरवली. तेव्हा 'कामगार बंधूंनो' हे शब्द मी जरा छाती काढूनच श्रावणजींच्या हातात दिले. ते माझे पाय बघत होते.

"ही टाच मोर्च्याची नाही," ते म्हणाले. "ही टेबलाखाली राहणारी टाच आहे."

मी त्या आठवड्यात दोन मोर्च्यांत गेलो होतो. दुसऱ्या मोर्च्यातून मात्र अर्ध्यात सायकलवर बसून परतलो होतो. हे त्यांना कसं कळलं, ते मला आजही सांगता येणार नाही. तेव्हापासून मी त्यांच्यासाठी 'पत्रकभाऊ' झालो.

नागपूरच्या महाल भागातल्या एका बोळात तो छापखाना होता, आणि त्यात एक ट्रेडल. शिवणयंत्राचा थोरला भाऊ म्हणावा असं ते यंत्र. उभं राहून एका पायानं खालची पट्टी दाबत राहायची. चाक फिरतं, दोन लोखंडी जबडे उघडतात आणि मिटतात. उघडले की कोरा कागद ठेवायचा, मिटून पुन्हा उघडले की छापलेला काढायचा. इतर छापखान्यांत हे पाय आणि हात एकाच माणसाचे असत. इथे मात्र पाय श्रावणजींचे आणि हात गुलाबरावांचे. गुलाबराव पूर्वी इथेच अक्षरांचे खिळे जुळवत; आता श्रावणजींच्या शेजारी उभे राहून कागद लावत. असं दोघांनी का, हे मी विचारलं तेव्हा श्रावणजी म्हणाले, "दोन माणसांची छपाई सरळ येते." गुलाबराव माझ्या कानाशी लागून म्हणाले, "वय झालं गा त्याचं. हात आन् पाय संगं चालत नाहीत. म्हणून मी उभा राहतो. त्याले सांगू नको."

दर छापेला श्रावणजी तोंडानं बारीकसं 'हं' करत. हजार प्रती म्हणजे हजार 'हं'. त्याची इतकी सवय झाली होती की मालक बापूसाहेब समोरच्या खोलीत बसून हिशेब न ठेवता नुसत्या आवाजावरून सांगत, किती काम झालं.

मग उजवी टाच दुखायला लागली. सकाळी खाटेवरून पहिलं पाऊल टाकलं की खिळ्यावर पडल्यासारखी कळ. दहाबारा पावलं चाललं की जरा उतार. संध्याकाळी तळव्याच्या कमानीत पुन्हा ठणका. तो उजवाच पाय ट्रेडल दाबायचा. पाय गेला तर काम गेलं, हे सांगायला वैद्य नको होता. पण श्रावणजींना वैद्य नकोच होता, कारण निदान त्यांनी स्वतःच करून ठेवलं होतं. टाचेत काटा होता.

साधासुधा नाही, बाभळीचा. लहानपणी सावनेरकडे गुरं राखताना रुतलेला. अर्धा आईनं सुईनं काढला, अर्धा आत राहिला. "तो काही बसून राहिला नाही गा," श्रावणजी सांगत, "फिरून राहिला. पहिले पोटरीत होता. माह्या लग्नाच्या वक्ती गुडघ्यात होता, म्हणून तर सप्तपदीले लंगडलो. मग खांद्यात गेला. आता मुलूख पाहून घरी आला."

या काट्याला बाहेर काढण्यासाठी त्यांनी जे केलं त्यात अर्धा महाल सामील होता. तापवलेल्या विटेवर रुईचं पान ठेवून त्यावर टाच दाबून झाली. बिब्बा झाला, त्यानं टाच तशीच राहिली आणि कातडं सोललं. गूळ-चुन्याचा लेप झाला. काटा गुळाच्या वासानं बाहेर येतो म्हणे. काटा आला नाही, मुंग्या आल्या. त्या दिवशीचं पत्रक माझ्याकडे एका मुंगीसह छापून आलं. ती 'शोषण' या शब्दाच्या कान्यावर होती आणि शोभत होती.

शेवटी मीच त्यांना ओढून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे एक्स-रे निघाला. टाचेच्या हाडाखाली छोटंसं टोक दिसत होतं. श्रावणजींनी ती काळी फिल्म खिडकीकडे धरली आणि भर वॉर्डात म्हणाले, "पाहा. बाभूळ." डॉक्टरांनी सांगितलं की ते हाडच थोडं वाढलं आहे, पुष्कळांचं वाढतं, दुखणाऱ्यांचं आणि न दुखणाऱ्यांचंही, आणि लाकडाचा काटा एक्स-रेत सहसा दिसतच नाही. हे शेवटचं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. न दिसणाऱ्या काट्याइतका पक्का काटा दुसरा नाही. श्रावणजींनी विचारलं, मग दिसते कशात?

तेव्हा नागपुरात सोनोग्राफीची यंत्रं नुकतीच आली होती. धंतोलीतल्या एका दवाखान्यात एक होतं. आवाजाच्या लाटा सोडून पोटातलं बाळ दाखवतं, एवढंच लोकांना ठाऊक. श्रावणजींचं म्हणणं सरळ होतं: एवढंसं बाळ दिसते तर काटा काहून नाही दिसणार?

आम्ही गेलो. बाकांवर सगळ्या गरोदर बाया, त्यांच्या सासवा, आणि मध्ये धुतलेल्या धोतरातले श्रावणजी. तिथल्या मदतनीस बाईनं सगळ्यांना पोट तटतटेपर्यंत पाणी प्यायला सांगितलं होतं, तसं केल्यानं चित्र नीट दिसतं म्हणून. श्रावणजी शिस्तीचे. त्यांनी पाच ग्लास पाणी पिऊन घेतलं. शेजारच्या काटोलच्या म्हाताऱ्या बाईनं विचारलं, सून आत गेली का तुमची? श्रावणजी म्हणाले, "नाही वं माय, माहाच नंबर आहे." बाई जरा सरकून बसली. थोड्या वेळानं न राहवून तिनं विचारलं, किती दिवसांपासून? श्रावणजींनी बोटं मोजली. "आठवा महिना चालू आहे."

बाक हसून हसून हलला. पाण्यानं भरलेल्या बायांना हसवणं हा अन्याय होता. दोघींना उठून जावं लागलं.

डॉक्टर तरुण होत्या. आधी म्हणाल्या, टाच मी कधी बघितली नाही. मग काटा ऐकून त्यांचे डोळे चमकले. टाचेवर यंत्राचा दांडा नीट बसेना, तेव्हा त्यांनी रबरी हातमोज्यात पाणी भरून त्याची उशी केली, टाचेवर ठेवली आणि तिच्यावरून दांडा फिरवला. पडद्यावर करडा पाऊस. श्रावणजी मान वाकडी करून बघत होते. उजवी टाच झाली, मग त्यांनी डावी बघितली, मग पुन्हा उजवी.

"काटा नाही, काका," त्या म्हणाल्या. "तळव्यात टाचेपासून बोटांपर्यंत एक पट्टा असतो, धनुष्याच्या दोरीसारखा. तो या पायात सुजून जाड झालाय. डाव्यापेक्षा बघा किती जाड. या पायावर रोज काही जोर पडतो का?"

श्रावणजींनी टाच धोतराखाली ओढून घेतली. मग म्हणाले, "नाही. मी बसूनच राहतो."

माझ्याच्यानं राहवलं नाही. मी सगळं सांगितलं: ट्रेडल, उजवा पाय, वर्षानुवर्षांची उभी मजुरी. डॉक्टर म्हणाल्या, मग पायाला सहा आठवडे विश्रांती, आणि त्या यंत्राला मोटर बसवून घ्या. श्रावणजी उठले, मोरीकडे गेले (पाच ग्लास होतेच), आणि परतीच्या सगळ्या वाटेवर माझ्यापुढे चार पावलं लंगडत चालले. बोळाच्या तोंडाशी म्हणाले, "काटा असता तर बरं झालं असतं. काढला की संपलं."

मी पेटलो होतो. एका माणसाची टाच झिजवून मालक मोटरीचे पैसे वाचवतो. त्याच रात्री पत्रक लिहिलं: 'पाय कोणाचा, नफा कोणाचा?' त्यात एक वाक्य मला फार आवडलं होतं: 'या छापखान्यात दर प्रतीमागे एक कामगार कण्हतो.' सकाळी ते घेऊन थेट बापूसाहेबांसमोर उभा राहिलो आणि वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग माळ्याकडे बोट केलं. पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"मोटर," ते म्हणाले. "सहा वर्षं झाली आणून. तुझे श्रावणजी बसवू देत नाहीत. म्हणतात, मोटरीनं शाई फाटते. शाई फाटते का कुठं? पण मी काही बोललो नाही. तू आत जाऊन नीट पाहून तर ये."

मी आतल्या दारात उभा राहिलो. इतक्या वर्षांत मी तिथे उभा राहून फक्त माझीच अक्षरं बघितली होती. आज पहिल्यांदा गुलाबरावांकडे बघितलं. ते कागद घेत, पण यंत्राकडे बघत नव्हते. बोटांच्या टोकांनी जबड्याची कड चाचपत, खुंटी शोधत, तिला कागद टेकवत. त्यांचे डोळे दुधी झाले होते. हात आत असेपर्यंत श्रावणजींचा पाय पट्टीवर हलका होई, चाक मंदावे. मग श्रावणजी 'हं' म्हणत. गुलाबरावांचा हात बाहेर येई. आणि तेव्हाच पाय खाली जाई.

ते कण्हणं नव्हतं. 'हात काढ' असं होतं ते, हजार वेळा, सहा वर्षं.

खिळे दिसेनासे झाले तेव्हा गुलाबरावांना घरी बसावं लागलं असतं. म्हणून छपाईला दोन माणसं लागू लागली होती. मोटर आली असती तर ती कोणाच्या हातासाठी थांबली नसती.

दुपारी गुलाबराव पाणी प्यायला गेले तेव्हा श्रावणजींनी माझ्या हातातलं पत्रक घेतलं, वाचलं, आणि त्याला शाईचे हात पुसले.

"चांगलं लिहिलं," ते म्हणाले. "पण गुलाबले वाचून दाखवू नको. त्याले वाटते, मले सांभाळून राहिला तो."

सहा आठवड्यांची विश्रांती त्यांनी घेतली नसती. मी ट्रेडलजवळ जाऊन चप्पल काढली आणि पट्टीवर पाय ठेवला. श्रावणजी कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिले, म्हणजे माझ्या टाचेकडे. मग कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा छापखान्यात बसले. पायाखाली गरम वीट होतीच. त्या विटेवरचा त्यांचा विश्वास सोनोग्राफीनं कमी झाला नव्हता.

गुलाबराव परतले, आपल्या जागी उभे राहिले आणि चाकाचा आवाज ऐकला. "आज पाय नवीन दिसते," ते म्हणाले. "कोणाचा आहे?"

"पत्रकभाऊचा," श्रावणजी म्हणाले. "शिकून राहिला."

गुलाबरावांनी कागद उचलला. बोटं जबड्यात गेली, कड चाचपू लागली. मी पाय हलका धरला. खुंटी सापडली, कागद टेकला. मी पुटपुटलो.

"मोठ्यानं म्हण गा," स्टुलावरून आवाज आला. "त्याले ऐकू गेलं पाहिजे."

"हं," मी म्हणालो.