भिंगरीच्या डब्यातली चिठ्ठी

दुरुस्तीवाल्याचा आपल्या चिठ्ठ्यांवर भारी विश्वास! दुकानात आलेल्या प्रत्येक वस्तूला तो पिवळी चिठ्ठी बांधायचा. काय बिघडलंय, काय करायचं, सगळं दोन ओळींत. “वीस वर्षांत एक चिठ्ठी इकडची तिकडे झाली असेल, तर मिशा उतरवीन!” असं बायकोला उठताबसता ऐकवायचा.

म्हणून तर डॉक्टरीणबाईंनी लेकीबद्दल सांगितलं, तेव्हा त्याला लगेच युक्ती सुचली. लेक नऊ वर्षांची. सगळे तिला भिंगरीच म्हणत. तिला एडीएचडी होतं. लक्ष एका जागी ठरायचं नाही आणि हातपाय तर त्याहून नाही.

“ती मुद्दाम करत नाही हो,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण दिवसभर ‘नीट बस, नीट बस’ ऐकून पोरीला वाटायला लागलंय की आपल्यातच खोट आहे. रोज तिची एक खरी चांगली गोष्ट बघा आणि तिला सांगा.”

“एवढंच ना? चिठ्ठी लिहितो!”

“आधी बघा,” बाई म्हणाल्या. पण हा तोवर जिन्यात पोचलासुद्धा!

दुसऱ्या दिवशी सकाळी कानाला फोन, हातात चहा, अशा थाटात त्याने दोन चिठ्ठ्या खरडल्या. एक लेकीच्या डब्यात टाकली. दुसरी हेडबाईंच्या इस्त्रीला बांधली. हेडबाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या, पण आवाजातून नाही! त्या सकाळीच येऊन इस्त्री घेऊन गेल्या.

दुपारी भिंगरी शाळेतून थेट दुकानात आली. एरवी येता येता चार वस्तू पाडायची. आज चक्क एकही नाही!

“बाबा, भंगारात टाकलं की पुढे काय होतं?”

“वितळवतात. का गं?”

“वितळताना दुखतं?”

तिने चिठ्ठी पुढे केली. ‘लवकर तापते. मधेच बंद पडते. आता दुरुस्त होणार नाही. भंगारात टाका.’

“अगं बाळा, ही तुझी नाही! इस्त्रीची आहे!”

“पण सगळं जुळतंय की,” ती म्हणाली. “मीपण लवकर तापते. गणिताच्या तासाला मधेच बंद पडते.” ती रडत नव्हती, नुसती चौकशी करत होती. त्याला तेच जास्त लागलं.

तेवढ्यात काखेत इस्त्री मारून हेडबाई हजर! त्यांनी वर्गात वाचावं तसं खणखणीत वाचलं, “‘तुझ्याइतकं गोड या जगात कुणी नाही!’ चाळीस वर्षं शाळा चालवली मी. माझ्याशी असं बोलायची कुणाची छाती झाली नाही!”

“चुकलो, बाई! ती माझ्या लेकीची चिठ्ठी...”

“अस्सं होय,” हेडबाई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा जरासा पडला.

इस्त्री एव्हाना भिंगरीच्या हातात गेली होती. “बाबा, तू ही उघडून बघितलीस?”

“त्यात बघायचं काय? वीस वर्षांचा अनुभव आहे माझा!”

“म्हणजे न बघताच भंगारात?”

हेडबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले.

भिंगरीने स्क्रूड्रायव्हर उचलला. आधी मूठ उघडली, मग पाठ, शेवटी प्लग. अर्धा तास पोरगी जागची हलली नाही! बाहेर दोन गाड्या भांडल्या, दुकानातला फोन वाजून वाजून थकला, तिला पत्ता नाही.

“बाबा, तार सुटलीय! प्लगच्या आत. बघ ना!”

त्याने बघितलं. तार खरंच सुटली होती. त्याने ती जोडली, सगळं परत बसवलं, आणि इस्त्रीचा लाल दिवा लागला!

मग त्याने फोन बंद केला, चहा बाजूला सारला आणि लेकीकडे बघत बघत नवी चिठ्ठी लिहिली. ‘मी न बघता टाकून दिलं. हिने उघडून बघितलं.’

तिने दोनदा वाचली. “खरंय हे?”

“अगदी खरं.”

“मग बांध,” म्हणत तिने मनगट पुढे केलं.

हेडबाई इस्त्री घेऊन निघाल्या. ती ‘गोड’वाली चिठ्ठी मात्र त्यांनी पर्समध्ये घातली. “ही राहू दे माझ्याकडे,” म्हणाल्या. मागायची याची काय बिशाद!

संध्याकाळी बायकोने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग उठली आणि तिने वस्तरा आणून त्याच्या पुढ्यात ठेवला.

भिंगरी लगेच मांडी ठोकून समोर बसली. “बाबा, मिशीच्या खाली काय असतं? उघडून बघू या ना!”